पॅनामिंटचं पिवळं फूल

"डेथ व्हॅलीत बघायचंय काय, आई? झाडसुद्धा नाही तिथं," लेक म्हणाली आणि मला १८९१ साल आठवलं. त्या वर्षी अमेरिकेच्या कृषी खात्याने इकडे मोहीम पाठवली होती. फ्रेडरिक कोव्हिल आणि फ्रेडरिक फन्स्टन या दोघा तरुणांनी इथले डोंगर पालथे घालून रोपं वेचली, कागदात दाबून सुकवली, चिठ्ठ्या लिहिल्या. मुंबईच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये विद्यार्थिदशेत मी हेच शिकले: कोणी, कधी, कुठे वेचलं ती चिठ्ठी हरवली की कागदावर उरतो नुसता पाला.

समुद्रसपाटीखाली ८६ मीटरवरचं बॅडवॉटर दहा मिनिटांत उरकलं. गाठायची होती पॅनामिंट पर्वताच्या पश्चिम अंगाची घळ, सरप्राइज कॅन्यन.

घळीच्या माथ्यावर १८७३ मध्ये चांदी सापडली आणि दोनेक वर्षांत पॅनामिंट सिटी दोन हजार वस्तीचं झालं. लुटारूंना घोड्यावर टाकून पळवता येऊ नयेत म्हणून तिथं चांदीचे दोनशेएक किलोंचे गोळे ओतत. १८७६ च्या पुराने शहर संपवलं, असं वाटेत भेटलेले इतिहासाचे एक निवृत्त शिक्षक ठासून सांगत होते. मला ते पटलं नाही, मी तसं म्हणालेही. चांदी १८७५ पासूनच आटत होती, माणसं बिऱ्हाडं हलवत होती. पुराला सापडलं ते रिकामं होत आलेलं गाव.

झऱ्यात पाय भिजवत चढताना खडकाळ उतारावर ते दिसलं. बुंध्याशी रुपेरी लव असलेल्या पानांचा झुबका, लांब उघड्या देठावर तळहाताएवढं पिवळंधमक फूल. पॅनामिंट डेझी! १९०४ मध्ये एव्हन नेल्सनने या जातीला कोव्हिलचं नाव दिलं. मी तिथंच बसले. माथ्यावरचं शहर, भट्टीचं धुराडं, सगळं राहिलं. लेकही उठायला तयार नव्हती.

फन्स्टन पुढे लष्करात गेला. १९०१ मध्ये फिलिपिन्सचा बंडखोर नेता आगिनाल्दो याला पकडणारा म्हणून इतिहास त्याला ओळखतो. माझ्या लेखी त्याचं मोठं काम या डोंगरातलं.

पॅनामिंटच्या पश्चिम उतारावरच्या मोजक्या घळी सोडल्या, तर हे फूल रानात जगात दुसरीकडे कुठेही उगवत नाही.