थर वर्षांचा, गुठळी घटकेची

‘ब्लॉकेज’ आणि ‘गुठळी’ हे शब्द हल्ली घरोघरी ऐकू येतात, आणि पुष्कळदा एकाच अर्थानं. आमच्याकडे गेल्या वर्षी दोन दुखणी पाठोपाठ आली. नांदेडला माझ्या वडिलांना हार्ट अटॅक आला. इकडे लातूरला सासूबाई खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळल्या होत्या, त्यांचा एक पाय टम्म सुजला. दोन्हीकडे डॉक्टर म्हणाले, ‘‘रक्ताची गुठळी.’’ सासूबाईंनी हिशेब मांडला, ‘‘मग व्याह्यांच्याच गोळ्या मला द्या की!’’

तसं चालत नाही. का, ते पाहू.

पावसाळ्यात भिंतीत ओल मुरते. वरून भिंत बरी दिसते, पण रंगाखाली पोपडा धरत असतो. हृदयाकडे रक्त नेणाऱ्या धमनीचं तसंच. तंबाखू, रक्तदाब, वाढलेली साखर यांनी तिचं आतलं अस्तर दुखावतं, कोलेस्टेरॉल त्याखाली शिरतं आणि वर्षानुवर्षं थर वाढतो. नळातल्या क्षारासारखा तो वरून चिकटत नाही, भिंतीतच वाढतो. म्हणून बरीच वर्षं कळतही नाही.

गुठळीचं काम घटकेचं. विळीवर बोट कापलं की थोड्या वेळात रक्त थांबतं, ती तिचीच कृपा. रक्तातल्या बारीक चपट्या पेशी एकमेकींना चिकटतात आणि धाग्यांचं जाळं विणलं जातं. हीच गुठळी नको तिथे झाली की घात करते.

वडिलांच्या धमनीतला पोपडा फुटला. शरीराला वाटलं, जखम झाली. लगेच वर गुठळी बसली आणि वाट बंद! थर लहान असला तरी असं होऊ शकतं. म्हणूनच ‘कालपर्यंत धडधाकट होते’ असं म्हणायची पाळी येते. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादला व्यासपीठावरच हृदयविकाराच्या झटक्यानं गेले. वय अवघं ४९. जुनी माणसं अजून हळहळतात.

सासूबाईंच्या दुखण्यात थराचा संबंधच नव्हता. हालचाल थांबल्यानं पायाच्या नीलेत रक्त साकळलं. बाळंतपणानंतर, मोठ्या ऑपरेशननंतरही ही भीती असते. अशी गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. म्हणून एकच पाय सुजून दुखू लागला तर तो चोळत बसू नये, डॉक्टरांना दाखवावा.

वडिलांना पेशी चिकटू न देणारी गोळी मिळाली, शिवाय थराला आवर घालणारी कोलेस्टेरॉलची. सासूबाईंची गोळी जाळं विणू न देणारी. ज्याची त्याला!

थराशी झुंज रोजची: तेल-मीठ बेतानं, रोजचं चालणं, घरातली तंबाखू आणि मिस्री बंद. गुठळीशी झुंज मात्र घड्याळाशी. छातीवर दाब, घाम, दम, जबड्यात किंवा पाठीत कळ. बायकांना कधी नुसती मळमळ आणि गळून गेल्यासारखं होतं. आपण ‘पित्त झालं असेल’ म्हणतो आणि पोळ्या लाटत राहतो. यजमानांना असं झालं असतं तर? गॅस बंद करून तिथल्या तिथे १०८ ला फोन केला असता. तोच फोन स्वतःसाठीही करायचा, बायांनो. पोळ्या काय, कुणीही लाटील.