चलो येडशी!

थायलंडच्या डोंगरातली देवळं बघायचीत, पण सुट्टी दोनच दिवस? नो टेन्शन! सॅक भरा, चार दोस्त गोळा करा आणि येडशी गाठा. धाराशिवपासून वीसेक किलोमीटर. कुर्डुवाडी-लातूर मार्गावर स्टेशनही आहे. एकेकाळी इथून बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज गाडी धावायची, आता ब्रॉडगेज.

घाट उतरलात की दरीत रामलिंगाचं देऊळ, शेजारी ओढा, पावसाळ्यात धबधबा आणि माकडांची फौज. रावणाने जखमी केलेल्या जटायूला पाणी पाजायला रामाने इथे बाण मारला, असं गावकरी सांगतात.

पण इथला सगळ्यात भारी बॅकपॅकर वेगळाच! डिसेंबर २०२४ मध्ये इथल्या कॅमेरा ट्रॅपमध्ये चक्क वाघ दिसला. यवतमाळच्या टिपेश्वरहून चारशेहून जास्त किलोमीटर चालत आलेला. अभयारण्य जेमतेम २२ चौरस किलोमीटरचं. दुष्काळी मुलखातलं एवढंसं रान त्याला आपलं वाटलं, यातच सगळं आलं.

तेव्हा श्रावणी सोमवारची गर्दी टाळा, अंधाराआधी परत फिरा. माकडांना वेफर्स नकोत, स्पीकर घरीच ठेवा. आणि कचरा? तो सॅकमधून परत आणायचा. ओढ्याचं पाणी भाविकांचं आहे, तसं जंगलातल्या मुक्कामवाल्यांचंही!