हसनाबाद किती दुरून पाहावे?

पडद्यावरील उपग्रह-नकाशात हसनाबाद शोधले, की प्रथम एक करडा-तपकिरी डाग दिसतो. क्षणभराने त्यात शेतांचे बांध उमटतात, मग छपरे, मग रस्त्यालगतची झाडे. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातले हे गाव हळूहळू स्पष्ट होत आहे, असे पाहणाऱ्यास वाटते. प्रत्यक्षात त्याच्यासमोर एकामागून एक निरनिराळी चित्रे येत असतात आणि ती सर्व आधीच तयार करून ठेवलेली असतात. मोठ्या मडक्यावर लहान, त्यावर आणखी लहान अशी जुन्या घरांत उतरंड रचलेली असे. संगणकातील चित्रांच्या अशाच उतरंडीस मिपमॅप म्हणतात.

इतिहासाच्या धाग्यात संगणक कशाला, असा प्रश्न पडेल. पण ज्या पडद्यावर आज गड, रणांगणे आणि जुनी दप्तरे पाहिली जातात, तो पडदा काय दाखवतो आणि काय गाळतो, हेही साधनचिकित्सेतच मोडते.

१९७४ मध्ये एड कॅटमल याने युटा विद्यापीठातील आपल्या प्रबंधात संगणकाने रेखाटलेल्या पृष्ठभागावर चित्र चिकटवण्याची रीत मांडली. अशा चित्राला टेक्श्चर म्हणतात. जवळून ते उत्तम दिसे. पृष्ठभाग दूर गेला की घोटाळा होई. पडद्यावरील एकाच ठिपक्याखाली मूळ चित्राचे शेकडो ठिपके येत आणि यंत्र त्यांतला हाती लागेल तो उचले. परिणामी दूरची फरशी लुकलुकू लागे, नसलेले पट्टे दिसू लागत. दर वेळी त्या शेकडो ठिपक्यांची सरासरी काढणे हा खरा उपाय; पण त्या काळच्या यंत्रांना तो परवडणारा नव्हता.

न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील लान्स विल्यम्स याने १९८३ मध्ये तोड काढली : सरासरी आधीच काढून ठेवावी. १०२४ × १०२४ ठिपक्यांचे चित्र घ्यावे, शेजारच्या दर चार ठिपक्यांचा एक करावा, म्हणजे ५१२ × ५१२ चे चित्र मिळते. त्यावरून २५६ चे, मग १२८ चे, असे करत अखेर एकच ठिपका उरतो. मूळ चित्र शून्यावा थर धरला, तर एकूण ११ थर होतात. वस्तू जितकी दूर, तितका वरचा थर वापरायचा. या साऱ्याला जागा किती जादा लागावी? पाव, अधिक पावाचा पाव, अधिक त्याचाही पाव... बेरीज एक तृतीयांशाच्या पुढे जात नाही. ‘मिप’ ही अक्षरे ‘मुल्टुम इन पार्व्हो’ या लॅटिन शब्दांची आहेत : थोडक्यात पुष्कळ. मराठीत बिंदूत सिंधू म्हणता येईल.

साऱ्या पृथ्वीचे चित्र मात्र कोणत्याही यंत्राच्या स्मृतीत मावणारे नव्हते. १९९८ मध्ये सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीच्या टॅनर, मिगडाल आणि जोन्स यांनी उतरंडीचा लागेल तेवढाच तुकडा उचलून आणण्याची पद्धत मांडली. टॅनर आणि जोन्स पुढे कीहोल कंपनीत होते. गुगलने ती २००४ मध्ये घेतली आणि पुढच्याच वर्षी गुगल अर्थ आले. हसनाबादचा तो करडा डाग या वाटेने आलेला आहे.

सरासरी काढणे दिसते तितके सरळही नाही. काळा ठिपका ० आणि पांढरा २५५. दोन्ही सारख्या संख्येने असतील, तर सरासरी १२७ येईल असे कोणीही म्हणेल. पण चित्रातले हे आकडे प्रकाशाच्या प्रमाणात वाढत नाहीत. ते आधी प्रकाशाच्या मापात आणून सरासरी काढली आणि पुन्हा उलटवली, तर उत्तर सुमारे १८८ येते. ही पायरी गाळली, की दूरचे दृश्य उगाच काळवंडते. पोत नव्हे, तर नुसता उजेडही चुकीचा नोंदला जातो.

अशी उतरंड हातानेही रचली गेली आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:१०,००,००० प्रमाणाच्या नकाशात चार अंशांचा चौकोन मावतो, १:२,५०,००० मध्ये एका अंशाचा, १:५०,००० मध्ये पंधरा मिनिटांचा. दर पायरीला बाजू चौथाई होते; मिपमॅपच्या भाषेत एकदम दोन थर. (वीस अंशांची अक्षांशरेषा आड आल्यामुळे जालना शहर ४७ एम या पत्रकावर, तर भोकरदन ४६ पी वर जाते. दोन्ही पत्रके जोडल्याशिवाय जिल्हा पुरा होत नाही.) पण नकाशाकार निवड करतो. तो वाडी गाळतो, देऊळ ठेवतो, रस्ता खऱ्यापेक्षा जाड काढतो. यंत्र काहीच निवडत नाही; विहीर, देऊळ आणि माती यांचा मिळून एक रंग करून टाकते. पहिल्यात पक्षपात असतो आणि तो ओळखता येतो. दुसऱ्याचा निःपक्षपातीपणा अधिक फसवा आहे, कारण तेथे काय गाळले याची खूणही उरत नाही.

याच तालुक्यांच्या पट्ट्यात त्याचा दाखला सापडतो. २१ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन बदनापूरला भेटले. तेथून दोन वाटांनी फौजा उत्तरेकडे निघाल्या. २३ तारखेला आसईजवळ दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांचे सैन्य केळना नदीपलीकडे उभे होते. वाटाड्यांनी सांगितले, की येथे उतार नाही. वेलस्लीला दोन्ही तीरांवर समोरासमोर दोन गावे दिसली. इतकी जवळची गावे येण्याजाण्याच्या सोयीवाचून वसणार नाहीत, असे त्याने ताडले. मात्र तेवढ्यावर विसंबून फौज पाण्यात घातली नाही. कॅप्टन जॉन्सन या अभियंत्याने उतार पाहून खात्री केली, मग सैन्य उतरले.

आता हे रणांगण एखाद्या खेळासाठी उपग्रहचित्रावरून उभे करायचे आहे, असे समजू. मूळ ठिपका अर्ध्या मीटरचा असेल, तर पाचव्या थरावर एकच ठिपका १६ मीटरांचा होतो. गावे तेथेही दिसतील. काठावरून पाण्याकडे उतरणारी तीन मीटरांची गाडीवाट दिसणार नाही. वेलस्लीने वरच्या थरावरून खालच्या थराचा अंदाज केला. इतिहासाचे अभ्यासकही तेच करतात, फक्त प्रत्येकाजवळ जॉन्सन नसतो.

आणि उलटा प्रवास अशक्य आहे. १०, २०, ३०, ४० यांची सरासरी २५. पण नुसत्या २५ वरून ते चार आकडे कोणी परत आणू शकत नाही. मिपमॅप प्रामाणिक ठरतो तो शून्यावा थर जपून ठेवतो म्हणूनच. दप्तरांच्या बाबतीत हे पथ्य फारसे पाळले जात नाही. मराठवाड्यातील एखाद्या घरात कुलकर्ण्याच्या दप्तराचे मोडी कागद निघतात, कोणी भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढतो, ते व्हॉट्सॲपवरून चार समूहांत फिरते. पाठवतानाच ते बहुधा लहान आणि दाबलेले होते. मूळ छायाचित्र जुन्या फोनबरोबर जाते, कागद वाळवीला जातो. उरतो तो पाचवा थर.

त्या थरावर अक्षरांची वळणे पुष्कळदा ओळखू येतात, आणि तेथेच वाचणारा निर्धास्त होतो. जमाखर्चात मात्र अपूर्णांक उभ्या बारीक रेघांनी लिहीत : एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. दोनाच्या आकड्यापुढे दोन रेघा असल्या तर अडीच, तीन असल्या तर पावणेतीन. रेघांमधली कागदाची पांढरी फट शाईहूनही अरुंद असते, म्हणून सरासरीत आधी ती जाते. मग आकड्यापुढे एक जाडसर करडी रेघ दिसते, आणि ती दोन रेघांची की तीन रेघांची, हे त्या चित्रावरून सांगता येत नाही.