खर्र्याची पन्नी आणि डांबरी रस्ता

गोंदिया जिल्ह्यातील पानठेल्यांवर सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून ज्या पातळ पन्नीत खर्रा बांधून दिला जातो ती पन्नी पुनर्वापराच्या दृष्टीने फार अवघड माल आहे, कारण ती जेमतेम ग्रॅमभर वजनाची आणि चुना-तंबाखूने माखलेली असल्यामुळे बाटल्या वजनावर घेणारा कबाडी तिला हातही लावत नाही.

अशा मालाला बांधकामात जागा देणारी बरीच भरवशाची रीत मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन (पद्मश्री, २०१८) यांनी घडवली. तिला कोरडी पद्धत म्हणतात, कारण तीत प्लास्टिक डांबरात न विरघळवता सुमारे १६० ते १७० अंश सेल्सिअसला तापवलेल्या गिट्टीवर टाकले जाते. त्याचे २ ते ४ मिलिमीटरचे तुकडे वितळून खड्यांवर लेप चढतो, खड्यांची छिद्रे बुजतात आणि मागाहून ओतलेले डांबर त्या लेपाला धरून बसते. पाणी खड्यात मुरून डांबराची पकड सोडवते आणि रस्ता उखडतो तो याच सांध्यावर, म्हणून भातपिकाच्या या पावसाळी मुलखात या लेपाचे मोल अधिक आहे. इंडियन रोड्स काँग्रेसने या पद्धतीची मार्गदर्शक तत्त्वे २०१३ मध्ये प्रसिद्ध केली.

खरे कसब मात्र निवडीत आहे. पन्नीचे पॉलिथिलीन सुमारे ११० अंशांना, पोत्याचे पॉलिप्रॉपिलीन १६० अंशांच्या आसपास, तर बाटलीचे पेट २५० अंशांनंतरच वितळते. पीव्हीसी तर पूर्णपणे वगळावे लागते, कारण तापल्यावर त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू सुटतो.

वितळलेली पन्नी वाळूत कालवून पेव्हर ब्लॉक पाडण्याचा मोह स्वाभाविक आहे, आणि अंगणातील पायवाटेला ते चालतातही. पण सतत भार सोसणाऱ्या भिंतीला ते वापरू नयेत, कारण मे महिन्यातील वैदर्भीय उन्हात पॉलिथिलीन मऊ पडते आणि भाराखाली हळूहळू सरकते. कवेलूंच्या जागी छपरावर असा जळणारा माल चढवणे तर त्याहून धोक्याचे.

एकेरी रस्त्याच्या एका किलोमीटरला साधारण १ टन प्लास्टिक लागते, म्हणजे नुसत्या खर्र्याच्या दहा लाखांच्या आसपास पन्न्या. स्वच्छ भारत अभियानाच्या ग्रामीण भागाच्या दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक तालुक्याच्या प्लास्टिक केंद्रासाठी १६ लाख रुपयांपर्यंत तरतूद असून गोंदियात तालुके आठ आहेत. मात्र तिथे तुकडे करणाऱ्या यंत्राइतकीच कोरड्या गोदामाचीही गरज आहे, कारण पावसाळ्यात डांबरीकरण थांबते, पन्न्या थांबत नाहीत, आणि ओला माल तापत्या गिट्टीवर पडला की वाफ उठून लेप नीट बसत नाही.