माथेरानचे घोडे

नेरळहून घाट चढून दस्तुरी नाक्याशीं पोहोंचलें कीं मोटारीचा प्रवास संपतो. पुढें माथेरान गांवांत खासगी मोटारींना मज्जाव आहे. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांच्यामुळें 1850 सालीं हें ठिकाण प्रसिद्धीस आलें. 1907 सालीं लहान आगगाडी वर आली, व 2022 सालीं विजेच्या रिक्षांचा प्रयोगही सुरू झाला. तथापि सुमारें 800 मीटर उंचीवरील या तांबड्या वाटांवर घोड्याचें महत्त्व अद्यापि आहेच. मुंबई-पुण्याकडील कितीएक मुलांची घोड्याशीं पहिली ओळख येथेंच होते. ती ओळख पाठीवर बसण्यापुरतीच राहूं नये, एवढ्यासाठीं हा लेखनप्रपंच.

घोड्याच्या चाकरीस सकाळीं खराऱ्यापासून आरंभ होतो. खराऱ्यानें धूळ निघते हें खरेंच. परंतु सर्वांगावरून हात फिरल्यामुळें खोगिराखालीं सोललेली जागा, पायाची सूज, तंग काचल्याची खूण हींही ध्यानांत येतात. मग खुरांची पाळी. तळव्यांत अडकलेला खडा तसाच राहिला तर चांगला घोडा लंगडूं लागतो. खूर दरमहा सुमारें 1 सेंटिमीटर वाढतो. म्हणून सहा ते आठ आठवड्यांनीं नाल काढून तो तासावा लागतो. दाणा एकदम पुष्कळ घालणें घातक. घोड्याचें जठर देहमानानें लहान असतें, व त्यास ओकतां येत नाहीं. त्यामुळें पोटशूळ त्याच्या जिवावर बेततो. वैरण थोडथोडी पण वारंवार, आणि पाणी स्वच्छ व मुबलक, हाच त्याचा आहारधर्म होय.

वाटेंत कागदाचा कपटा उडाला कीं घोडा बुजतो, आणि आपण त्यास खट्याळ ठरवितों. वस्तुतः मोकळ्या माळावर हिंस्र पशूंपासून पळून ज्याचा वंश टिकला, तो प्राणी आधीं पळणार व मग पाहणार. त्याचे डोळे दोहों बाजूंस असल्यामुळें त्यास जवळजवळ चोहोंकडचें दिसतें. मात्र कपाळासमोर अगदीं जवळचें व शेपटीमागचें दिसत नाहीं. यास्तव त्याच्याकडे खांद्याच्या बाजूनें, बोलत बोलत जावें. कान पुढें टवकारले तर त्याचें लक्ष तिकडे आहे असें समजावें. ते मानेशीं सपाट झाले तर तो रागावला आहे.

त्याच्या बुद्धीविषयीं बर्लिन येथील हान्स नामक घोड्याची हकीकत उद्बोधक आहे. हा घोडा खुरानें ठोके देऊन गणितें सोडवितो अशी ख्याति होती. 1907 सालीं ऑस्कर फुंग्स्ट यांनीं परीक्षा केली, तेव्हां विचारणारासच उत्तर ठाऊक नसलें म्हणजे हान्स चुकतो असें दिसून आलें. योग्य ठोका पडतांच माणसाच्या मस्तकाची नकळत होणारी सूक्ष्म हालचाल तो ओळखीत असे! लोकांनीं हान्सला ढोंगी म्हटलें. आमच्या मतें गणितापेक्षां ही विद्या थोर. 2016 सालीं इंग्लंडांतील ससेक्स विद्यापीठांत घोड्यांस माणसांचीं छायाचित्रें दाखविलीं, तेव्हां रागीट मुद्रा पाहून त्यांच्या हृदयाचे ठोके अधिक वेगानें वाढले.

मग पाठीवरील माणसाची भीति त्यास कळत नसेल काय? नवखा स्वार घाबरून टाचा मारतो आणि त्याच वेळीं लगामही खेंचतो. 'चल' आणि 'थांब' या दोन आज्ञा एकदम आल्यावर घोड्यानें करावें काय? तो गोंधळतो, आणि चाबूक पडतो त्याच्याच पाठीवर.

विराटाच्या पदरीं नकुलानें ग्रंथिक हें नांव घेऊन अश्वसेवा पत्करली, ही कथा आपल्या घरोघरीं ठाऊक आहे. राजपुत्रास जी सेवा कमीपणाची वाटली नाहीं, तिची पहिली पायरी आपल्या मुलांसही सहज शिकवितां येईल. स्वारीपूर्वीं घोड्याची पाठ व पाय पाहावे. जखमी किंवा लंगडा घोडा घेऊं नये, व न घेण्याचें कारण घोडेवाल्यास सौम्यपणें सांगावें. त्याचें पोट गिऱ्हाइकावर चालतें. तेव्हां गिऱ्हाइकाची दृष्टि निवळली, तर त्या मुक्या प्राण्याचे हाल पुष्कळ कमी होतील.