धुळीतली कोरी पट्टी

जूनची एकोणीस तारीख. सकाळी साडेनऊला सांगलीच्या एका कर सल्लागारांच्या ऑफिसातून फोन आला : "सर, टॅली उघडत नाहीये." दुसऱ्या दिवशी वीस तारीख, म्हणजे जीएसटीची थ्री-बी भरायचा शेवटचा दिवस. आठ जण आठ कॉम्प्युटरवर काम करणार, पण हिशेबाचं फोल्डर एकच. ते आतल्या खोलीतल्या लिनक्स सर्व्हरवर, आणि तिथून सांबा नावाच्या सेवेमार्फत सगळ्यांना मिळणारं.

पोचलो तेव्हा आर्टिकलशिप करणारा एक मुलगा सेवा सुरू करायची कमांड पुन्हा पुन्हा देत होता. स्क्रीनवरची शेवटची ओळ सांगत होती की विनंत्या फार भराभर आल्या, आता सुरू करणार नाही. ही ओळ खरी असते, पण ती दुखण्याची नसते. लिनक्समध्ये सेवा चालवणारा सिस्टमडी मुळात १० सेकंदांत ५ प्रयत्नांपर्यंतच साथ देतो, मग थांबतो. मूळ कारण तोवर वर सरकून दिसेनासं झालेलं असतं.

मुलाला म्हटलं, "थांब. हात काढ की-बोर्डवरून."

पूर्वी मी विचारायचो, काल काय बदललं? उत्तर ठरलेलं : काहीच नाही. लोक खोटं बोलत नाहीत; त्यांच्या लेखी खरंच काही बदललेलं नसतं. म्हणून आता विचारतो, काल इथं कोण आलं होतं? शिपाईकाकांनी लगेच सांगितलं, "परवा वीज कडाडली तेव्हा नेट गेलं होतं. काल संध्याकाळी माणूस येऊन बसवून गेला. नेट चालू झालं की."

कॅबिनेट फिरवून मागची बाजू पाहिली. चार वर्षांची धूळ, आणि तिच्यात एकच पट्टी कोरी चकचकीत, तिचा स्क्रूसुद्धा नवा. मदरबोर्डवरचं जुनं लॅनचं तोंड रिकामं, केबल नव्या कार्डात. बसवणाऱ्यानं जुनाच आयपी दिला होता, त्यामुळे पिंग व्यवस्थित जात होता. फक्त फोल्डर उघडत नव्हतं.

सांबाची सेटिंग तपासायला टेस्टपार्म नावाचं साधन आहे. तेही म्हणालं, चूक नाही. ते व्याकरण तपासतं. पत्ता बिनचूक लिहिलाय की नाही ते पाहील, त्या पत्त्यावर घर उभं आहे का हे पाहणं त्याचं काम नाही. मग लॉग उघडला आणि वरून वाचत आलो. तिथं स्वच्छ लिहिलेलं : ऐकायला बसावं असं एकही सॉकेट मिळालं नाही.

सेटिंगमध्ये कुठं ऐकायचं ती ओळ मीच लिहिलेली होती. सांबानं फक्त ईएनपी२एस० या कार्डावरच ऐकावं, दुसरीकडे कुठेही नाही. या नावांत कार्ड कुठल्या पीसीआय बसवर आहे ते असतं. मदरबोर्डवरचं दुसऱ्यावर होतं, नवं तिसऱ्यावर बसलं, नाव झालं ईएनपी३एस०. दोनाचा तीन केला असता तरी भागलं असतं. पण मी कार्डाचं नाव काढून ऑफिसच्या नेटवर्कचा पट्टाच लिहिला, १९२.१६८.१.०/२४. कार्ड पुन्हा जळेल, पट्टा तोच राहील.

सांबाच्या या नकाराबद्दल मला आदर वाटतो. सांगितलेलं कार्ड सापडलं नाही म्हणून दिसेल त्या दारात तिनं दुकान मांडलं नाही. मला धास्ती असते ती मुकाट सुरू होणाऱ्या सेवांची. एका छापखान्यात एनएफएस या फाइल वाटणाऱ्या दुसऱ्या सेवेच्या एक्सपोर्ट्स फाइलमध्ये मशीनचं नाव आणि कंस यांच्यामध्ये एक मोकळी जागा पडली होती. तेवढ्यानं अर्थ पालटतो : लिहायची परवानगी त्या मशीनला न मिळता बाकी साऱ्यांना मिळते. सेवा मात्र हिरवा ठिपका दाखवत चालू. त्यासाठी मला कोणी बोलावलंच नव्हतं. गेलो होतो प्रिंटरसाठी.

अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ च्या सुमारास कॅनबेरात सांबाची सुरुवात केली, तेव्हा समोर नीटसा आराखडा नव्हता. तारेवरून जाणारी पाकिटं बघत, कशाला काय उत्तर येतं ते टिपत त्यांनी फाइल वाटून घ्यायची एसएमबी ही भाषा उलगडली. पुढे नाव बदलायची वेळ आली तेव्हा एस, एम, बी ही अक्षरं याच क्रमानं येणारा शब्द शब्दकोशातून शोधून काढला. ऐकून ऐकून घडलेली ही वस्तू. तिचा लॉग न वाचता तिला नुसतं पुन्हा पुन्हा उठवायचं, हे मला बघवत नाही.

सव्वाअकराला पहिलं व्हाउचर उघडलं. मुलानं विचारलं, "सर, लॉग कुठे असतो?" व्हार, लॉग, सांबा असा रस्ता दाखवला. त्यानं तो वहीत उतरवला आणि खाली कार्डाचं नवं नाव, कालची तारीख लिहिली. काकांनी तेवढ्यात चिकटपट्टी आणली. मुलानं तोच मजकूर एका चिठ्ठीवर लिहून कॅबिनेटच्या दाराला आतून लावला.