नाव, माणसे आणि गाणे

आष्टी परिसरातील भजनी मंडळांत आम्ही पाहतो, पेटीवाला नोकरीसाठी नागपूरला जातो, खंजिरीवाला थकतो, तरी मंडळ गातच असते. मुंबईच्या एका हार्ड रॉक वाद्यवृंदाची कथाही अशीच आहे. १९८४ साली ‘रॉक मशीन’ उभे राहिले. पुढे आरंभीच्या गायकाच्या जागी उदय बेनेगल आले. परक्यांची गाणी वाजविणाऱ्या या वृंदाने १९८८ मध्ये स्वतःच्या रचनांची ध्वनिफीत काढली. १९९३ मध्ये त्याने ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतले. एका शब्दात सिंधू नदी, दुसऱ्यात श्रद्धासूत्र. १९९७ मध्ये संच विखुरला. २०१० मध्ये बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर व कीबोर्डवादक झुबिन बालापोरिया पुन्हा एकत्र आले. बास व ड्रम्स त्यांनी नव्या वादकांच्या हाती दिले आणि २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ हा नव्या गीतांचा संग्रह सादर केला.

निम्मी माणसे बदलल्यावर नाव तेच ठेवावे काय? आम्हांस वाटते, अवश्य ठेवावे. परंतु नव्यांना त्यांचा सूरही लावू द्यावा. आपल्या कित्येक गायकवृंदांत वर्षानुवर्षे तेच कंठ पुढे असतात आणि तरुण मागे मुके उभे राहतात. अशाने उद्या वृंदाचे नाव उरेल, गाणे उरणार नाही.